कांद्यापायी कलंडलेलं घर

तुमच्या घरी पाहुणे आले की कांदा कोण चिरतं? लाजू नका, खरं सांगा. आणि त्या पाहुण्यांपैकी किती जण उठून म्हणतात, "आणा ती सुरी इकडे"?

हा प्रश्न मी सगळ्यांना विचारत फिरते. तो विचारण्याच्याच नादात गेल्या हिवाळ्यात मी सौदीतल्या कतीफ गावात, भर दुपारी, माझ्या आईवडिलांचं राहतं घर कलंडवलं. घर छोटं होतं. त्याला दोन चाकं होती. आत सात माणसं आणि पातेलंभर मासळीचं कालवण होतं. माणसं सगळी सुखरूप आहेत. कालवणाबद्दल मी इतक्यात काही बोलणार नाही.

अब्बांची उमेदीची सगळी वर्षं अल खर्जच्या एका डेअरीत गेली. दूध थंड ठेवणारी यंत्रं थंड राहतात की नाही ते बघायचं, हे त्यांचं काम. (बाहेर पन्नास डिग्री असताना आत कुडकुडत काम करणारा हा माणूस घरी येऊन पंख्यासमोर आणि रजईत एकाच वेळी बसायचा!) ते निवृत्त झाले, कंपनीची खोली सोडायची वेळ आली, पासपोर्टवर कायमचं परत जायचा शिक्का पडणार, विमानाची तिकिटं निघाली. मी सामान बांधायला म्हसळ्याहून तिकडे गेले. मी वाढले म्हसळ्याला, आजोळी. तिथे मामूंचा छापखाना होता आणि शाळेच्या पुस्तकांपेक्षा मी तिथली पत्रकं जास्त वाचली. पाणी द्या, रस्ता द्या, एस.टी. द्या! त्यामुळे मला आजही साधा निरोप लिहिता येत नाही. सुरुवात 'बंधुभगिनींनो' अशीच होते.

मी पोचले तेव्हा अम्मी रिकाम्या खोलीत पडदे शिवत बसली होती.

"अम्मी, खोली तर सोडायची ना? मग पडदे कुणाला?"

"नव्या खोलीला," अम्मी म्हणाली आणि तिने खिडकीतून बाहेर बोट दाखवलं.

बाहेर अब्बांच्या जुन्या पिकअपमागे एक पांढरा ट्रेलर उभा होता. हिवाळ्यात वाळवंटात मुक्कामाला जाणारे लोक नेतात तसला. आत दोन बाकडी, त्यांचेच पलंग, मागच्या टोकाला गॅसची शेगडी आणि हात धुवायला टीचभर बेसिन. डेअरीतल्या वर्गीस अंकलनी तो अब्बांना निरोपाची भेट म्हणून महिनाभर वापरायला दिला होता. जायच्या आधी सगळ्यांना भेटून यायचं: रियाधला जोशीकाका, वर हाइलला अबू सालेह, आणि शेवटी कतीफला खाला.

खरी गोम खालापाशी होती. खाला म्हणजे अम्मीची थोरली बहीण. तिला गाडी लागते. साधी नाही, भयंकर लागते! कतीफहून दम्मामच्या विमानतळापर्यंत जायचं तरी ती पदरात लिंबं बांधून, डोळे मिटून, कलमा पढत जाते. त्यामुळे अल खर्जला ती कधीच आली नाही. दर ईदला अम्मी-अब्बाच कतीफला जायचे, आणि तिथे अम्मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पाय ठेवायला गेली की खाला ओरडायची, "तू बस गो, धाकटी आहेस!" इतक्या वर्षांत अम्मीने बहिणीला आपल्या हातचा एक घास खाऊ घातला नव्हता.

"ती माझ्या घरी येऊ शकत नाही ना?" अम्मी दातांनी दोरा तोडत म्हणाली. "मग मीच घर घेऊन तिच्या दारात जाते. माझ्या शेगडीवर, माझ्या हातचं. एकदा. मग खुशाल विमानात बसेन."

हे ऐकून माझे डोळे भरून आले आणि अंगात पत्रक संचारलं! मी तिथेच बाकड्यावर बसून नातेवाइकांच्या ग्रुपवर निवेदन टाकलं. (कुणीही मागितलं नव्हतं.)

"बंधुभगिनींनो! पाहुणचार म्हणजे घरातल्या बाईच्या फुकट श्रमांवर पुरुषांनी मारलेला ताव. ही लूट आम्ही थांबवत आहोत. या प्रवासात अम्मी-अब्बा कुणाच्याही घरी जेवणार नाहीत, कुणाच्याही घरी झोपणार नाहीत. आम्ही ट्रेलरमध्ये राहू. आमच्यासाठी कुणीही काहीही रांधू नये. हा निर्णय अंतिम आहे!"

अब्बांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. "सना, हे जरा... कडक नाही वाटत?"

"सत्य कडकच असतं, अब्बा."

"बरं बाबा," अब्बा म्हणाले आणि टायरमधली हवा तपासायला निघून गेले. कठीण प्रसंगी ते नेहमी हवा तपासतात.

आता आमच्या लोकांचं एक आहे. नातेवाइकाच्या दाराशी येऊन माणूस त्याच्या घरात झोपला नाही, तर त्याची कारणं दोनच. एक तर भांडण झालंय, नाही तर संकट कोसळलंय. तिसरं कारण, म्हणजे तत्त्व, हे आमच्याकडे अजून कुणी ऐकलेलं नाही.

रियाधला जोशीकाकांच्या इमारतीखाली आम्ही ट्रेलर लावला. जोशीकाका पूर्वी डेअरीत हिशेब बघायचे, आता बँकेत आहेत. काका-काकू धावतच खाली आले. काकूंचा चेहरा मयताला आल्यासारखा.

"वहिनी, काही बोलू नका," काकूंनी अम्मीचे हात धरले. "होतं असं. कंपन्या अशाच असतात. आम्ही आहोत ना!"

"काय होतं?" अम्मी गोंधळली.

काकांनी अब्बांना बाजूला घेतलं. "घर कधीपासून नाही? मला एक फोन नाही केलात?"

त्यांची दहा वर्षांची ईशा ट्रेलरभोवती एक चक्कर मारून आली आणि तिने सरळच विचारलं, "अंकल, यू गाईज आर होमलेस?"

"नो बेटा," अब्बा म्हणाले, "वुई आर... तत्त्वनिष्ठ."

मी काकूंना माझी भूमिका सविस्तर समजावली. काकूंनी शांतपणे ऐकून घेतली, मला जवळ घेऊन पाठीवर थोपटलं आणि लिफ्टने वर गेल्या. थोड्या वेळाने लिफ्ट खाली आली तेव्हा तिच्यात तांदळाचं पोतं, प्रेशर कुकर, दोन रजया आणि एक इस्त्री होती! आम्ही नको नको म्हणत होतो, काका एकेक वस्तू ट्रेलरच्या मागच्या भागात, शेगडीखालच्या कप्प्यात रचत होते. काकूंनी रांधलं नाही हे खरं. त्यांनी अख्खं स्वयंपाकघरच उचलून दिलं.

तरी माझा उत्साह तसूभर कमी झाला नाही. हाइलपर्यंतचा तो रस्ता! दोन्ही बाजूंना तांबडी वाळू, वर निळंशार आभाळ, मागे आमचं घर झुलत येतंय, त्याच्या खिडकीत अम्मीचे फुलाफुलांचे पडदे फडफडताहेत. गाडी मी चालवत होते. अब्बा शेजारी बसून दर दोन मिनिटांनी "ट्रक", "उंट", "खड्डा" असं जाहीर करत होते. (पैकी उंट एकदाच खरा निघाला.) एका नाक्यावर पोलिसाने थांबवलं, ट्रेलरकडे बघून हसला आणि विचारलं की हे काय? अब्बांनी मोडक्यातोडक्या अरबीत सांगितलं की हे माझ्या बायकोचं घर आहे, ती ते घेऊन बहिणीला भेटायला चालली आहे. पोलीस अम्मीकडे बघतच राहिला. मग त्याने छातीवर हात ठेवला, म्हणाला, "यल्ला, यल्ला," आणि रस्ता मोकळा करून दिला.

अबू सालेह हे अब्बांचे डेअरीतले जुने मुकादम, आता हाइलच्या बाजूला गव्हाची शेती करतात. त्यांच्या अंगणात उभं राहून "आम्ही तुमच्याकडे जेवणार नाही" हे सांगायचं काम अब्बांनी माझ्यावर सोपवलं आणि स्वतः हवा तपासायला गेले. मी सांगितलं. अबू सालेहनी दाढीवरून हात फिरवला. त्यांना तत्त्व पटलं की नाही ठाऊक नाही, पण मी बोलत असतानाच मागे त्यांच्या भावाने बकरा सोडवून नेला होता. मी बोलायची थांबले तेव्हा मसाल्याचा वास यायला लागला होता. आणि पुढे मीच दोनदा भात घेतला. (शिजवणारे सगळे पुरुष होते, त्यामुळे तत्त्वाला बाधा आली नाही!)

निघताना त्यांनी गव्हाची दोन पोती, तुपाचा डबा, खजुरांच्या पेट्या आणि एक जाडजूड गालिचा ट्रेलरच्या मागच्या टोकाला चढवला. "घर आहे, घरात धान्य पाहिजे. खलास!" विषय संपला. ट्रेलरचं बूड जमिनीकडे झुकलं. अब्बांनी चारही बाजूंनी हवा तपासली.

आणि तेवढ्यात खालाचा फोन आला.

अम्मीने स्पीकर लावला होता, म्हणून आम्ही सगळ्यांनी ऐकलं. "तुझ्या पोरीचं पत्रक वाचलं मी. सुनेने वाचून दाखवलं. माझ्या घरचं अन्न म्हणजे लूट? इतकी वर्षं तू लुटीचं खात होतीस? माझ्या गादीवर झोपायचं नाही म्हणे! मग माझ्या दारात पाऊल ठेवू नको!"

फोन बंद. अम्मीने फोन पर्समध्ये ठेवला, पर्स मांडीवर ठेवली आणि तिथून पुढे रस्ताभर ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. रियाध मागे पडलं, दम्मामकडचा रस्ता लागला, अब्बांनी उंट जाहीर करणंही थांबवलं. मी आरशातून बघत होते. अम्मी पडद्याचा उरलेला तुकडा बोटाला गुंडाळायची, सोडायची, गुंडाळायची. मला वाटत होतं, निवेदनात 'अंतिम' हा शब्द तरी घालायला नको होता.

कतीफला खालाचं घर खजुराच्या बागेला लागून आहे. फाटकाच्या बरोबर समोर, रस्त्याच्या पलीकडे, अम्मीने ट्रेलर उभा करायला लावला. दार उघडलं, खाली पायरी लावली, दाराला पडदा लावला आणि पायरीवर उभी राहिली. समोर खाला फाटकात आली. कमरेवर हात. तिच्यामागे तिचा नवरा, म्हणजे आमचे खालू, आणि सून शबाना.

"मी दारात येऊ नको म्हटलं होतं!" खाला कडाडली.

"नाहीच आले," अम्मी म्हणाली. "हे बघ, माझं दार इथे आहे. तूच ये, आपा."

खाला नुसती बघत राहिली. पडद्याकडे, पायरीकडे, खिडकीतल्या कुंडीकडे. (कुंडी वर्गीस अंकलची. त्यात प्लॅस्टिकचं फूल होतं.) मग रस्ता ओलांडून आली आणि पायरीला चपलेने ठोकून म्हणाली, "माझे गुडघे दुखतात. हात दे गो."

मला एवढा आनंद झाला म्हणून सांगू! मी लगेच सभा हातात घेतली. इथेच घोळ झाला.

"आज सगळ्या बायका पुढच्या बाकड्यांवर बसतील!" मी जाहीर केलं. "कुणीही उठायचं नाही. रांधणार पुरुष. आणि मी."

"सना," अम्मी हळूच म्हणाली, "मला माझ्या हातचं—"

"अम्मी, तू आज पाहुणी!"

"माझ्याच घरात मी पाहुणी?"

पण मी ऐकते कुठली! अम्मी, खाला, शबाना आणि कुतूहल आवरेना म्हणून शेजारून आलेली उम्म अली, अशा चौघी पुढे बसल्या. खालूंनी पिकअप सोडवून घेतली आणि बंदरावरून शेरी मासा घेऊन आले. अब्बा बाहेर वाकून ट्रेलरच्या मागचे टेकू खाली सोडत होते. ट्रेलर गाडीपासून सोडवला की मागचे लोखंडी पाय जमिनीला टेकवायचे असतात, नाही तर तो तराजूसारखा होतो. हे मला आता माहीत आहे.

"अब्बा, ते राहू द्या!" मी खिडकीतून ओरडले. "बायका ताटकळल्यात! आधी कांदा!"

अब्बा टेकू तसेच सोडून आत आले.

मागच्या टीचभर जागेत आम्ही तिघं. अब्बा मासा साफ करायला लागले, खालू भाकऱ्या थापायला. मला वाटलं होतं, आता गंमत होणार, पुरुषांची फजिती होणार, बायका खदखदून हसणार. कसलं काय! या दोघांनी तरुणपणी आठ-आठ जणांच्या खोल्यांमध्ये पाळीपाळीने स्वयंपाक केलेला. खालूंच्या तांदळाच्या भाकऱ्या टम्म फुगत होत्या. अब्बांचं कालवण उकळायला लागलं तसं उम्म अलीने माशाल्ला म्हणून डोळे मिटले. शबाना तर नवऱ्याला दाखवायला व्हिडिओ काढत होती.

तोंडी लावायचा कांदा माझ्याकडे होता.

मी कांदा सोलला. तो निसटला. धरला, कापला. एक तुकडा बेसिनमध्ये, एक अब्बांच्या खिशात. डोळ्यांतून धारा. उरलेल्याचं मी जे काही केलं त्याला चिरणं म्हणता येत नाही. तेव्हा पुढच्या बाकड्यावरून आवाज आला.

"हा कांदा कोण मारतंय गो?"

"कुणी उठायचं नाही!" मी नाक ओढत म्हटलं.

पण खाला उठली होती. आयुष्यभर स्वयंपाकघर चालवलेल्या बाईला असला कांदा बसून बघवत नाही. ती मागे आली आणि तिने माझ्या हातातली सुरी घेतली. "अशी धर. बोटं आत." तिच्यामागून शबाना आली, "दाखवा, दाखवा, मी व्हिडिओ काढते!" मग उम्म अली आली. तिने अरबीत काहीतरी वेगळीच पद्धत सुचवली. मागे पोती, पेट्या, कुकर, इस्त्री, गालिचा, आणि आता सहा माणसं. पुढे उरली एकटी अम्मी.

अम्मी उठली. "आपा, तू बस ना, तुला मी—"

तिने दुसरं पाऊल टाकलं आणि घराचं तोंड वर उचललं गेलं.

अगदी सावकाश! लग्नात नवरीने मान वर करावी तसं, लाजत लाजत. पडदे खिडकीपासून सुटून आमच्याकडे झुकले. कुंडी माझ्याकडे आली. अम्मी गालिच्यावरून घसरत थेट खालाच्या अंगावर. मग धाडकन बूड जमिनीला टेकलं, आणि शेगडीवरचं पातेलं, ज्याबद्दल मी इतक्यात बोलणार नव्हते, ते सगळंच्या सगळं माझ्या पायांवर आलं. नशीब, उकळी जिरली होती. शेगडी आधीच बंद केली होती ती अब्बांनी. तेवढं तरी कुणीतरी शहाणं होतं!

मग खाला क्षीण आवाजात म्हणाली, "मला गाडी लागतेय."

"गाडी उभी आहे, आपा!"

"तरी लागतेय! लिंबू आणा!"

कुणाला उतरताही येईना. मागची माणसं एकदम उतरली तर पुढचं टोक आपटेल, असं अब्बा दोन्ही हात वर करून सांगत होते. "सगळे जागेवर! फक्त सनाने वर चढून पुढे बसायचं!" मी कालवणात घसरत, बाकडी धरत, चढ चढून पुढच्या टोकाला जाऊन बसले. काहीही फरक पडला नाही. मी तिथे उडी मारून बघितली. घर जागचं हललं नाही. माझ्या असण्याने जगात काय फरक पडतो ते मला त्या दिवशी इतकं स्पष्ट दिसलं!

शेवटी उम्म अलीने खिडकीतून एक हाक दिली. तिचा नवरा, दीर, बागेतले दोघं-तिघं धावत आले. त्यांनी पुढच्या दांड्याला लटकून "यल्ला, यल्ला!" करत घर हळूहळू जमिनीवर आणलं. अब्बा पहिल्यांदा बाहेर पडले आणि त्यांनी टेकू लावले. मग हवाही तपासली.

पातेल्यात कालवणाचा एक थेंब उरला नव्हता. अम्मी बाकड्यावर डोकं धरून बसली होती. "एकदा," ती म्हणाली. "एकदाच खाऊ घालायचं होतं."

मी फडकं घेतलं आणि जमीन पुसायला लागले. (हेही कुटुंबात पहिल्यांदाच घडलं.)

खालाने लिंबू हुंगणं थांबवलं. "भाकऱ्या शाबूत आहेत ना?"

भाकऱ्या फडक्यात गुंडाळलेल्या, शाबूत होत्या.

तशी अम्मी ताडकन उठली. तिने वरचा कप्पा उघडून, रजयांच्या मागून एक काचेची बरणी काढली. सुक्या जवळ्याची चटणी. माझी सभा सुरू व्हायच्या आधी, सकाळीच, वाटेत पेट्रोल भरायला थांबलो होतो तेव्हा तिने माझ्यापासून चोरून ती परतली होती. मी पंपावर चहावाल्याला श्रमाचं मोल समजावून सांगत होते, तेव्हा! तिने भाकरी ताटात ठेवली, वर चटणी, आणि ताट बहिणीच्या पुढे धरलं.

खालाने घास घेतला. आम्ही सगळे, खिडकीबाहेर लटकलेले शेजारीसुद्धा, तिच्या तोंडाकडे बघत होतो.

"मीठ कमी आहे," खाला म्हणाली.

अम्मीचा चेहरा असा उजळला की काय सांगू! "कमी आहे ना?"

"आणि जवळा अजून भाजायला हवा होता. बघतेस काय, वाढ अजून." खालाने ताट पुढे केलं. दुसऱ्या भाकरीवर तिने कोकम कमी असल्याचं सांगितलं, तिसरीवर मिरची जास्त असल्याचं. चौथी संपल्यावर पदराने तोंड पुसलं, आणि पदर डोळ्यांपाशी जरा जास्तच वेळ राहिला. "आता तू तिकडे गेलीस की मी नावं कुणाच्या हाताला ठेवू गो?"

त्या दिवशी दोघी ट्रेलरमध्येच झोपल्या, खाला उशाशी लिंबू घेऊन. आम्ही बाकीचे खालाच्या घरात, तिच्या गाद्यांवर. तत्त्व वाचलं की बुडालं, हे मी अजून ठरवतेय. पायांचा मासळीचा वास मात्र विमानातही गेला नव्हता.

पण माझं म्हणणं मी सोडलेलं नाही. म्हणून, बंधुभगिनींनो, एक विनंती. पुढच्या वेळी कुणाकडे जेवायला जाल तेव्हा आयतं बसू नका, आत जा आणि सुरी मागून घ्या. तुमच्याकडे कुणी आलं तर त्यांच्या हातात कांदा द्या. आणि ती पाहुणी मी असेन, तर आधी बाहेर जाऊन तुमच्या घराला चाकं नाहीत ना, तेवढं बघून या.